खाणविद्या आणि परदेशी पदवी: काही गैरसमज

कन्हानकाठच्या खाप्यात एखाद्या मुलाने अगर मुलीने परदेशी जाऊन खाण व खनिज अभियांत्रिकी शिकण्याचा मनोदय बोलून दाखविला, तर वडीलधाऱ्यांचा पहिला उद्गार बहुधा हाच असतो की, खदानीत उतरायला विलायत कशाला हवी? गुमगावची मॅंगनीजची खदान (हिंगण्याकडील गुमगाव ते निराळे) याच सावनेर तालुक्यात, अगदी शेजारी असल्यामुळे हा उद्गार स्वाभाविकच आहे. परंतु खाणविद्या म्हणजे घण, सुरुंग आणि अंगमेहनत, हा त्यामागचा ग्रह अशा खदानीच्या पोटात डोकावले की टिकत नाही.

या मुलुखातील भूमिगत मॅंगनीज खदानींत धातुकाचा एक थर काढून घेतला की मागे राहिलेली पोकळी पाण्यात कालवलेल्या वाळूने भरतात, पाणी निथळून वाळू घट्ट बसली की तिच्यावरच उभे राहून वरचा थर फोडतात, आणि अशा रीतीने काम खालून वर चढत जाते. एका वेळी किती उंचीचा थर काढावा, डोक्यावरचा खडक आधारावाचून किती काळ तग धरील, सुरुंगाचा धूर कोणत्या वाटेने बाहेर काढावा, या प्रश्नांची उत्तरे शैलयामिकी आणि वायुवीजन ही शास्त्रे देतात. अभियंत्याची विद्या ती हीच.

खाणकाम आणि खनिज अभियांत्रिकी या एकाच विषयाच्या दोन संज्ञा होत, ही समजूतही सर्रास आढळते. वस्तुतः खाणकाम धातुक पृष्ठावर आणून सोडते आणि तेथून पुढे दळणे, वर्गीकरण, निकृष्ट भाग वेगळा काढणे हा दुसऱ्या शास्त्राचा इलाखा सुरू होतो. भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीजपासून कोरड्या विद्युत्घटांत लागणारे डायऑक्साइड सिद्ध होते, ते या दुसऱ्या विद्येच्या बळावर. लिएज, लोरेन, लुलेओ आणि फ्रायबर्ग या चार विद्यापीठांनी मिळून चालविलेल्या ‘एमेराल्ड’ या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा रोखही खनिजप्रक्रियेकडेच आहे. तेथे शिक्षण इंग्रजीतून असल्यामुळे जर्मन किंवा फ्रेंच येत नाही म्हणून अर्जच करू नये, असे नाही. बाजारहाट आणि घरमालकाशी व्यवहार यांसाठी मात्र ती शिकावीच.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज असा की, परदेशी पदवी हाती आली म्हणजे येथे खदानीचा व्यवस्थापक होण्याची सनदच मिळाली. तसे मुळीच नाही. भारतात वैधानिक जबाबदारीचे पद स्वीकारण्यासाठी खाण सुरक्षा महानिदेशालयाचे योग्यता-प्रमाणपत्र लागते, आणि ते मिळविण्यासाठी प्रत्यक्ष खाणीतील अनुभवाची अट पुरी करावी लागते. पदवी, ती फ्रायबर्गची असो वा नागपूरची, त्या प्रमाणपत्राची जागा घेऊ शकत नाही. फ्रायबर्गची खाण अकादमी 1765 पासूनची, तिचा लौकिक निर्विवाद; पण लौकिक आणि कायदेशीर अधिकार यांची गल्लत करून कर्जाचे कागद रंगविणारी कुटुंबे पुढे हळहळतात.

मुलींना भूमिगत खाण वर्ज्य, हे 1952 च्या खाण अधिनियमाप्रमाणे खरे होते. 2019 मध्ये काही अटींवर ती मनाई उठली.

राहता राहिला ‘खाणींचे दिवस संपले’ हा आक्षेप. 1896 मध्ये एका ब्रिटिश सिंडिकेटने येथील मॅंगनीजच्या धंद्यास आरंभ केला, 1962 मध्ये सरकारी भागीदारीची मॉइल ही खाणकंपनी स्थापन झाली आणि 1977 मध्ये तीतील इंग्रजी कंपनीचा उरलेला हिस्साही सरकारजमा झाला. मालक बदलले, पोलादाची मॅंगनीजची गरज बदलली नाही. उलट युरोपीय संघाने 2024 च्या कायद्यात विद्युत्घटांच्या प्रतीचे मॅंगनीज सामरिक महत्त्वाच्या कच्च्या मालात गणले आहे.

तेव्हा अर्जाचे शुल्क भरण्यापूर्वी नागपुरातील विश्वेश्वरय्या संस्थेच्या खाण अभियांत्रिकी विभागात एकदा चौकशी करावी, आणि खाण हवी की खनिजप्रक्रिया, नोकरी येथे करायची की तेथे, या दोन प्रश्नांची उत्तरे आधी कागदावर उतरवून मगच विद्यापीठ निवडावे.