दृष्टिपटलांतील मिटलेलीं पानें

झेब्रा माशाच्या दृष्टिपटलास इजा झाली तर तें पुन्हा घडतें. आपलें घडत नाहीं. माशाच्या म्यूलर पेशी, ज्या एरवीं केवळ आधार देतात, विभागून नव्या मज्जापेशी निर्माण करतात. म्यूलर पेशी आपल्याही डोळ्यांत आहेत. मग त्या स्वस्थ कां?

जनुकांची पोथी सर्व पेशींत एकच. उघडीं पानें मात्र निराळीं. गर्भांत दृष्टिपटल घडतांना जीं पानें उघडीं असतात त्यांपैकीं पुष्कळ पुढें मिटतात. हिस्टोन प्रथिनांभोंवतीं जनुकसूत्र घट्ट गुंडाळलें, कीं अक्षरें शाबूत राहूनही वाचतां येत नाहींत. (अक्षर म्हणजे न झिजणारें, हें येथें शब्दशः खरें!)

उंदराच्या पिलांत म्यूलर पेशींतील अ‍ॅस्क्ल-१ हें एक जनुक जागें केलें तर इजेनंतर नव्या मज्जापेशी होतात. प्रौढांत तेवढ्यानें भागत नाहीं. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठांत टॉमस रेह व सहकाऱ्यांनीं २०१७ सालीं जोडीला ही गुंडाळी सैल करणारें औषध दिलें, तेव्हां प्रौढ उंदरांतही नव्या पेशी उपजल्या, शेजाऱ्यांशीं जोडल्या गेल्या. मात्र त्या संदेश पुढें नेणाऱ्या होत्या. स्वतः प्रकाश टिपणाऱ्या नव्हेत.

घरांतील ज्या वडील मंडळींस मोतीबिंदू आहे त्यांनीं यासाठीं थांबूं नये. त्यांचा दोष भिंगाचा, आणि त्यास शस्त्रवैद्य आजच समर्थ आहे.