काय दुखतं ते नंतर, काय जमत नाही ते आधी

२०२५ मध्ये ८ सप्टेंबरला जागतिक फिजिओथेरपी दिन, ९ ला 'फिजिओथेरपिस्टांनी नावाआधी डॉक्टर लावू नये' असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाचं पत्र, आणि १० ला तेच पत्र मागे. त्यावरून वाद पेटला. पेशंटची दिशाभूल होते म्हणून डॉक्टरांची बाजू तावातावाने बोलली, पेशंटच्या भल्यासाठीच फिजिओथेरपिस्टांची. पेशंटला कोणी काही विचारल्याचं दिसलं नाही. विसर्जनापर्यंत कमरेला ढोल बांधून आता सरळ उभं राहता न येणारा तरुण असो की खांदा आखडल्यामुळे केस विंचरता न येणाऱ्या काकू, त्यांची अडचण पाटीवर काय लिहिलंय ही नाही. उद्या पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टकडे जायचंय, तिथे होणार काय आणि सोबत न्यायचं काय, एवढंच त्यांना हवं असतं.

बहुतेकांनी मनात गृहीत धरलेलं असतं की पलंगावर आडवं व्हायचं, पट्ट्या चिकटवून 'करंट' देतील, शेक देतील, कमरेला वजन लावतील आणि दहा सिटिंगमध्ये मोकळे. हा समज लोकांनी घरबसल्या करून घेतलेला नाही. हॉलमध्ये चार पडदे टांगून, प्रत्येक पडद्याआड एक मशीन ठेवून तो पसरवला गेला. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१६ च्या कंबरदुखीवरच्या सूचनांमध्ये अल्ट्रासाउंड, टेन्स आणि इंटरफेरेन्शियल हे 'करंट', आणि ट्रॅक्शन म्हणजे वजन लावणं, यातलं काही देऊ नका, असं सरळ लिहिलं आहे. आपल्याकडच्या कितीतरी बिलांत मुख्य रकाने नेमके हेच असतात. शेकाने बरं वाटतं, त्यात वाद नाही. पण पहिल्या दिवशी तुम्हाला चालवून, वाकवून, बसवून न बघता कोणी थेट मशीन लावलं, तर मला शंका येते. तुम्हालाही यायला हवी.

पहिली भेट बोलण्यात आणि तपासण्यात जायला हवी, आणि तयारी करायची ती या बोलण्याची. १९९५ साली कॅनडातल्या पॉल स्ट्रॅटफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अगदी साधी पद्धत मांडली, 'पेशंट स्पेसिफिक फंक्शनल स्केल'. नाव भारदस्त असलं तरी लागतो फक्त कागद आणि पेन. या दुखण्यामुळे जी कामं जमत नाहीत किंवा जड जातात, त्यातली तीन ते पाच पेशंटने स्वतः सांगायची आणि प्रत्येकाला शून्य ते दहा गुण द्यायचे. शून्य म्हणजे अजिबात जमत नाही, दहा म्हणजे पूर्वीसारखं जमतं. काही आठवड्यांनी त्याच कामांना पुन्हा गुण द्यायचे. सरासरी दोन गुणांनी वाढली, तर खरोखर फरक पडलाय असं ढोबळमानाने धरतात.

ही यादी क्लिनिकच्या बाकावर बसून सुचत नाही, घरीच करा. मांडी घालून जेवायला बसणं. देशी संडासातून आधाराशिवाय उठणं. लोकलमध्ये वरची कडी धरून उभं राहणं. ब्लाउजची मागची हुकं. भरलेला कुकर ओट्यावरून उतरवणं. नवरात्रात सप्तशृंगीच्या पायऱ्या चढायच्या असतील, तर तेही लिहा. 'गुडघा दुखतो' म्हणणाऱ्या दोघांपैकी एकाला पायऱ्या चढायच्या असतात आणि दुसऱ्याला खाली बसायचं असतं, आणि दोघांचे व्यायाम सारखे असून चालत नाहीत. दुखणं झोपेवर, धावपळीवर, मनःस्थितीवर रोज कमीजास्त होतं. काम जमलं की नाही, ते मात्र घरातलं कोणीही सांगू शकतं. घरातली वडीलधारी माणसं 'आता वयाप्रमाणे चालायचंच' म्हणून यादी कोरी ठेवतात. त्यांच्याकडून ती भरून घ्या, आणि वर्षभरात पडलात का, हेही विचारा. २०२५ च्या फिजिओथेरपी दिनाचा विषयच म्हातारपणातला अशक्तपणा आणि पडणं हा होता. 'तोल गेला थोडा' असं म्हणून लपवलेलं पडणं थेरपिस्टला कळायलाच हवं.

दुखणं सांगताना नुसतं 'पेन होतंय' म्हणू नका. कळ येते, ठणकतं, चमक पायात उतरते की मुंग्या येऊन बधिर होतं, यावरून तपासणीची दिशा बदलते. सकाळी उठल्यावर जास्त की संध्याकाळी, हेही आठवून जा.

फाइल न्या, पण ती टेबलावर ठेवून गप्प बसू नका. 'मणक्यात गॅप आलाय' हे वाक्य आपल्याकडे जन्मठेपेसारखं ऐकवलं जातं. २०१५ साली ३३ अभ्यासांतल्या, कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांची स्कॅन एकत्र पाहिली गेली. डिस्कची झीज विशीतल्या ३७ टक्के लोकांत आढळली आणि ऐंशीतल्या ९६ टक्क्यांत. म्हणजे फिल्मवर दिसतंय तेच दुखतंय, असं धरून चालता येत नाही.

काही गोष्टी न विचारता सांगायच्या: पेसमेकर, शरीरात घातलेली प्लेट किंवा रॉड, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गरोदरपण, पूर्वीचा कॅन्सर. मधुमेह तर सांगाच. एक तर त्यात खांदा आखडण्याचं प्रमाण जास्त, शिवाय पायाची संवेदना कमी झाली असेल तर शेकाने भाजलेलंही कळत नाही. कंबरदुखीसोबत लघवीवरचा ताबा सुटला किंवा बसायची जागा बधिर झाली, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता हॉस्पिटल गाठा. पोटरी अचानक सुजून दुखू लागली, तरी तेच.

कपड्यांचं थोडक्यात. गुडघ्यासाठी वर सरकेल अशी सैल पॅन्ट, खांद्यासाठी पुढे बटणं असलेला सदरा किंवा कुर्ता. पायात रोजचीच चप्पल. झिजलेला तळ बघायच्या कामाचा असतो. बायकांना बाई थेरपिस्ट हवी असेल तर फोनवरच सांगावं, त्यात संकोच कसला?

आणि पाटीबद्दल बोलायचंच तर 'डॉक्टर' आहे का यापेक्षा बीपीटी ही फिजिओथेरपीची पदवी आहे का, राज्याच्या ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी (ओटी-पीटी) कौन्सिलची नोंदणी आहे का, हे विचारा. महाराष्ट्रात यासाठी २००२ चा कायदा आहे आणि नोंदणी क्रमांक विचारल्याने कोणाचा अपमान होत नाही. निघण्याआधी आणखी तीन प्रश्न: घरी कोणते व्यायाम करायचे, ते करताना किती दुखलं तर थांबायचं आणि फरक पडला नाही तर पुढे काय. व्यायाम तिथेच करून दाखवा, हरकत नसेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढून घ्या. वीस सिटिंगचं पॅकेज आजच घेतलं तर सवलत, असं काउंटरवरून सांगतील. आजच्या भेटीचे पैसे द्या. पॅकेजचं तुमच्या यादीतले गुण हलतात का ते पाहून ठरवता येईल.