काडतुसांचे वक्कल

अकोल्याच्या कापूसबाजारात ज्याची हयात गेली असा अडत्या गाडीत कोपरापर्यंत हात घालून मूठभर कापूस बाहेर काढतो, त्याचा धागा चिमटीत ओढून पाहतो आणि मगच त्या वक्कलाचा, म्हणजे त्या खेपेच्या मालाचा, भाव बोलतो. पिस्तुलाच्या नेमबाजीतही काडतुसांच्या बाबतीत हाच शिरस्ता आहे.

2018 च्या आशियाई क्रीडास्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी ज्या 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले, त्यातील पॉइंट टू टू काडतुसाची शिशाची गोळी जेमतेम 5.6 मिलिमीटर जाडीची व सुमारे अडीच ग्रॅम वजनाची असते. आणि संथ फेरीतील लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे 50 मिलिमीटर व्यासाचे. या काडतुसाचे पेटते द्रव्य पितळी कवचाच्या पोकळ कडेत भरलेले असल्यामुळे ते कडेभर सारखे पसरले आहे किंवा नाही, दारूचे माप किंचित कमीजास्त झाले काय, गोळीवरचा मेणाचा लेप कसा बसला, अशा सूक्ष्म भेदांनी एकाच कारखान्याची दोन वक्कले निराळी वागतात. शिवाय एका नळीला जे मानवते ते शेजारच्या नळीला मानवेलच असे नाही.

म्हणून परीक्षेपुरता माणसाचा हात बाजूस सारून पिस्तूल, किंवा नुसती नळी, शिकंज्यात घट्ट आवळतात. आधीच्या वक्कलाचा लेप नळीतून जावा म्हणून काही गोळ्या मोजणीबाहेर झाडतात. आणि नंतर दहा-दहा गोळ्यांचे अनेक पुंजके पाडून प्रत्येकातील सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या मध्यांतील अंतर मोजतात. एकच सुरेख पुंजका पाहून हुरळणे हा मला या कामातला सर्वांत मोठा प्रमाद वाटतो. जलद फेरीत लक्ष्य केवळ तीन सेकंद समोर येते, तेव्हा काडतूस अडकले तर पुंजक्याचा घट्टपणा कवडीमोल ठरतो. सबब पिस्तूल अडखळते काय, याचीही नोंद ठेवावीच लागते.

वैशाखात आमच्याकडे पारा 45 अंशांपर्यंत चढतो. तापलेल्या काडतुसातील दारू अधिक जोराने जळून गोळीचा वेग बदलतो. त्यामुळे पेटी उन्हात ठेवू नये.

नवशिक्याने मात्र महागड्या काडतुसांमागे लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याच्या गोळ्या अद्याप वीतभर पसरतात, त्याला वक्कलातील चार-पाच मिलिमीटरांचा भेद दिसणारच नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1914 पासून वऱ्हाडाला ज्या शरीरसाधनेचे वळण लावले, तिनेच त्याचा हात आधी स्थिर होईल. हात स्थिरावल्यावर मात्र पेटीवरचा वक्कल क्रमांक वहीत टिपून ठेवावा, आणि क्रमांक बदलला की नव्याने परीक्षा घ्यावी.