पांढऱ्या प्लास्टिकचा सॅक्सोफोन

वरातीच्या बँडमधला चकचकीत पितळी सॅक्सोफोन पाहिलाय ना? आता तोच पांढऱ्या प्लास्टिकचा आहे असं समजा. जत्रेतलं खेळणंच वाटेल! अमेरिकेतल्या ऑर्नेट कोलमननं १९५४ साली असाच एक विकत घेतला, कारण तो पितळीपेक्षा स्वस्त होता. आणि त्यावर त्यानं जे वाजवलं, त्यानं जॅझ संगीतात खळबळ उडाली.

पण प्लास्टिकमधून सूर निघेल कसा? अहो, सॅक्सोफोनमध्ये गाते ती आतली हवा! तोंडाशी एक पातळ पत्ती असते. फुंकलं की ती थरथरते आणि नळीतल्या हवेला थरथरवते. नळीवरची भोकं झाकत गेलं की थरथरणारा हवेचा खांब लांब होतो आणि सूर खाली उतरतो. ओठांचा दाब जरा बदलला, तरी सूर किंचित सरकतो. ऑर्नेट हे मुद्दाम करायचा. रडवेल्या माणसाचा आवाज कापतो, आनंदात चढतो. त्याचा सॅक्सोफोनही तसाच बोलायचा. पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मधले सूरसुद्धा तो काढायचा.

पियानोवरून आठवलं. तेव्हा बहुतेक जॅझ बँडमध्ये पियानोवाला ठरलेल्या क्रमानं सुरांचे गुच्छ, म्हणजे कॉर्ड, वाजवायचा आणि बाकीचे त्यांना धरून आपली सुरावट रचायचे. ऑर्नेटनं १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट कॅफेत वाजवलं, तेव्हा बँडमध्ये पियानोच नव्हता! सॅक्सोफोन, डॉन चेरीचा छोटासा ट्रम्पेट, बास आणि ड्रम. सूर कुठे वळवायचा, हे एकमेकांचं ऐकून तिथल्या तिथे ठरायचं. कुणी खूश झालं, कुणी भयंकर चिडलं. जॉन कोल्ट्रेनसारखा मोठा सॅक्सोफोनवादक मात्र पुढच्याच वर्षी ऑर्नेटच्या साथीदारांबरोबर वाजवायला बसला.

त्याच १९६० मध्ये ऑर्नेटनं ‘फ्री जॅझ’ ही सुमारे ३७ मिनिटांची रचना ध्वनिमुद्रित केली. ती हेडफोन लावूनच ऐका! डाव्या कानात चार वादक, उजव्या कानात दुसरे चार. आधी नुसता गोंगाट वाटेल. मग फक्त एका ड्रमचा पाठलाग करा, बघा काय काय सापडतं ते.

१९६६ मध्ये तर त्यानं एका ध्वनिमुद्रणासाठी ड्रमवर आपल्या मुलालाच बसवलं. देनार्दो तेव्हा फक्त १० वर्षांचा होता! नावं ठेवणारे होतेच. ऑर्नेटला मात्र त्याचं वाजवणं मनापासून आवडायचं, आणि पुढे कितीतरी वर्षं देनार्दो वडिलांच्या बँडमध्ये ड्रम वाजवत राहिला.