आगरदांड्याची लांबी किती?

लाडक्या बहिणींची ई-केवायसी असो की शेतकऱ्यांचा फार्मर आयडी, बातम्यांत एक तक्रार सतत येत राहिली: नाव जुळत नाही. नोंदणीच्या वेळी नाव वेगळं लिहिलं गेलं, हे त्याचं उघड कारण. पण डोळ्यांना तंतोतंत सारखी दिसणारी दोन मराठी नावंही संगणकाला वेगळी वाटू शकतात, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. प्रोग्रामर मंडळींना मात्र हा प्रश्न कोणत्याही प्रोग्रामिंग भाषेत काम करताना भेटतोच.

आधी नावाची लांबी पाहू. राजपुरीच्या खाडीवरचं, मुरूड तालुक्यातलं आगरदांडा घ्या. आपण मोजतो पाच अक्षरं: आ, ग, र, दां, डा. पायथन आणि जावास्क्रिप्ट या भाषा म्हणतात आठ, कारण काना आणि अनुस्वार त्या वेगळे धरतात. सी आणि गो सांगतात चोवीस. त्या बाइट मोजतात, आणि युनिकोडच्या यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. स्विफ्ट तेवढी पाच म्हणते. चुकलेलं कुणीच नाही. प्रत्येकीचं माप निराळं आहे. घोळ होतो तो आपण कोणतं माप वापरतोय हे न विचारता कॉलमची रुंदी ठरवली की. ओरॅकलच्या युनिकोड डेटाबेसमध्ये गावाच्या नावाला वीसची जागा दिली आणि मूळचं बाइटचं माप बदललं नाही, तर अलिबाग अठरा बाइटांत बसतं, आगरदांडा बाहेर राहतं. एसएमएसचंही तसंच: एका संदेशात रोमन लिपीत १६० चिन्हं मावतात, मराठीत ७०.

यूटीएफ-८ची आखणी केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२मध्ये न्यू जर्सीतल्या एका उपाहारगृहात, टेबलावरच्या कागदी मॅटवर केली. जुन्या इंग्रजी फायली आणि प्रोग्रॅम जसेच्या तसे चालले पाहिजेत, ही अट त्यांनी पाळली. म्हणून इंग्रजीला एक बाइट, आपल्याला तीन. मला यात अन्याय दिसत नाही. विशिष्ट फाँट नसेल तर मराठी फाइल वाचताच येत नाही, या जाचातून युनिकोडने आपल्याला सोडवलं. त्यापुढे तीन बाइट काहीच नाहीत.

जोडाक्षरांचं दुखणं मात्र खरं आहे. खाडीपलीकडचं दिघी ज्या तालुक्यात येतं, त्या श्रीवर्धनची आपल्या हिशेबाने अक्षरं चार. युनिकोडचा स्वतःचा नियम त्याचे सहा तुकडे करत होता. सप्टेंबर २०२३मधल्या १५.१ आवृत्तीत तो सुधारला. जुन्या सॉफ्टवेअर लायब्ररी अजून जुन्याच नियमाने तोडतात. म्हणजे दोन फोनवर एकाच नावाची दोन उत्तरं येऊ शकतात.

आणि आडनावं! कुऱ्हाडे, गोऱ्हे यांतला अर्धा र दोन रीतींनी साठवता येतो: नुक्त्याच्या ऱ ला हलन्त जोडून, किंवा साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण तुलना केली की संगणक 'नाही' म्हणतो. युनिकोडचं प्रमाणित सामान्यीकरणही (नॉर्मलायझेशन) त्यांना एक करत नाही. त्यात कुणी मजकूर साफ करताना अदृश्य चिन्हं सरसकट पुसली, तर दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या कुऱ्हाड्यांच्या ह वर रफार चढतो. याहून वाईट गत एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये होऊ शकते: इंग्रजी कोडपेजच्या साध्या व्हारचार कॉलमात आगरदांडा टाकलं, तर आठ प्रश्नचिन्हंच उरतात. ती मात्र परत फिरवता येत नाहीत; मूळ नाव तिथे राहिलेलंच नसतं.

या सगळ्यावर उपाय ठाऊक आहेत, आणि ते महागही नाहीत. व्हारचारऐवजी युनिकोडचा एनव्हारचार वापरा, लांबी अक्षरांत मोजा, तुलनेआधी अर्ध्या र ची दोन्ही रूपं एक करा. माझं म्हणणं असं की मराठी नावं साठवणाऱ्या प्रत्येक सरकारी सॉफ्टवेअरच्या निविदेत स्वीकृती चाचणीची नावंच द्यावीत: आगरदांडा, श्रीवर्धन, कुऱ्हाडे दोन्ही रीतींनी. ती पास झाल्याशिवाय कंत्राटदाराचं बिल मंजूर होऊ नये.