मोठेपणी ऑटिझमची तपासणी : करावी की नको?

असा एखादा माणूस तुमच्याही गावात असेल. द्राक्षबागेची छाटणी बिनचूक करील, पण लग्नाच्या मांडवात पाच मिनिटं थांबणार नाही. नजरेला नजर देत नाही, ठरलेला क्रम मोडला की बिथरतो. लोक ‘घुम्या’ म्हणून मोकळे होतात. लहानपणापासून असंच असेल तर ती स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम असू शकते. हा वेडेपणा नव्हे, मेंदूची जन्मजात वेगळी घडण आहे.

चाळिशीत तपासणी कशाला, असं घरचे विचारतात. ऑटिझम घालवणारे औषध नाही, हे खरे. ज्याचे काम व संसार सुरळीत आहे, त्याला घाई नाही. पण काम टिकत नसेल, झोप उडाली असेल, घरात रोज खटके उडत असतील, तर तपासणी जरूर करावी. कारण कळले की बोल लावणे थांबते.

नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांकडे चौकशी करावी. सोबत आई किंवा थोरली बहीण न्यावी. डॉक्टर लहानपणची माहिती विचारतात. १४४१६ या ‘टेलिमानस’ क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्वाचा दाखला असेल तर सवलती मिळू शकतात. सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी दिव्यांगांसाठीचा ५ टक्के निधी वाटताना अशांनाही विसरू नये.

मात्र तपासणीला ओढून नेऊ नका. आधी त्याला विचारा. निर्णय त्याचा आहे.