गावचे पिण्याचे पाणी व त्याची तपासणी

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरील व घाटाखालील असे दोन भाग लोकव्यवहारात मानले जातात, आणि पाण्याच्या बाबतीतही हा भेद बराचसा लागू पडतो. घाटावर चिखली, मेहकर या बाजूस विहिरी उन्हाळ्यात आटतात, परंतु त्यांचे पाणी सामान्यतः गोडे असते. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव, नांदुरा या तालुक्यांतील कित्येक गावी जमिनीत पाणी आहे, पण ते खारट. हाच तो खारपाणपट्टा. तो पुढे अकोला व अमरावती जिल्ह्यांत पसरला आहे. यामुळे पाणी सुरक्षित आहे काय, या प्रश्नास येथे दोन अंगे प्राप्त होतात : एक जंतूंचे, दुसरे क्षारांचे. एकाचा उपाय दुसऱ्यावर चालत नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे.

गावास पिण्याचे पाणी पुरविणे हे १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमान्वये ग्रामपंचायतीचे काम आहे. १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आलेल्या जिल्हा परिषदेकडे त्यावरील देखरेख असते. गावात प्रत्यक्ष पाणी शुद्ध करण्याचे काम जलसुरक्षक करतो.

पूर्वी पटकीची साथ आली की विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाकीत. पाणी लाल झाले की लोकांचे समाधान होई. पाणी निर्जंतुक करण्याचा मात्र तो भरवशाचा उपाय नव्हता. आज ब्लीचिंग पावडर, म्हणजे गावच्या बोलीतील टीसीएल, वापरतात. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. दमट जागी किंवा उघड्या पोत्यात तो उडून जातो व केवळ चुना उरतो. साधारण स्वच्छ पाण्यास दर हजार लिटरला अडीच ग्रॅम पावडर पुरते. विहिरीचा व्यास ४ मीटर व पाण्याची खोली ३ मीटर असेल तर पाणी सुमारे ३७,६८० लिटर, आणि पावडर ९४ ग्रॅम. वर्तुळचितीच्या घनफळाचे याहून जिवंत उदाहरण वर्गास मिळणे कठीण. पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा, वरचे निवळ पाणी तेवढे विहिरीत मिसळावे व एक तास उपसा थांबवावा.

एवढ्याने काम संपत नाही. जंतू मारून झाल्यावरही थोडा क्लोरीन पाण्यात उरावा लागतो. नळास चोवीस तास पाणी नसते. पुरवठा थांबला की नळातील दाब नाहीसा होतो आणि फुटक्या सांध्यातून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. तेव्हा संरक्षण करतो तो हा उरलेला क्लोरीन. शेवटच्या नळाशी तो लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम, व साथीच्या काळात ०.५ मिलिग्रॅम असावा. तपासणी टाकीजवळच्या नळावर केली तर अर्थ राहत नाही. अनेक गावी शाळा गावाच्या टोकास असते. तेथे शाळेचा नळ हाच खरा परीक्षेचा नळ होय. ऑर्थोटोलिडीन टाकताच पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे असे समजावे. हा पदार्थ विषारी आहे. तो मुलांच्या हाती देऊ नये व तपासलेले पाणी फेकून द्यावे.

जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटली येते. स्वच्छतेच्या सवयीने ती विसळण्याचा मोह होतो, पण विसळू नये. नमुन्यातील क्लोरीन निष्प्रभ करणारा थायोसल्फेट आत आधीच घातलेला असतो. तो वाहून गेला तर क्लोरीन वाटेत जंतू मारीत राहतो आणि दूषित पाणीही निर्दोष ठरते.

आता क्षारांकडे. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे विरघळलेले क्षार ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा उद्भव नसेल तरच २,००० पर्यंत चालतात. टीसीएलने खारटपणा तिळभर कमी होत नाही. उकळण्याने तर तो वाढतो, कारण पाणी वाफ होऊन जाते व क्षार मागे राहतात. नायट्रेटचेही तसेच, त्याची मर्यादा ४५ मिलिग्रॅम, आणि ते तान्ह्या मुलांस विशेष घातक. रासायनिक तपासणी वर्षातून एकदा होते. तिचा अहवाल ग्रामपंचायतीकडून मागून घेण्यात कोणताही संकोच नसावा. खारपाणपट्ट्यातील मूत्रपिंडाच्या विकारांचा संबंध लोक पाण्याशी जोडतात. कारणे अनेक असू शकतात. तथापि मुलांना गोडे पाणी मिळावे, यासाठी त्या वादाच्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही. वान धरणाचे पाणी नळाने या भागात आणले गेले ते याच गरजेपोटी. मात्र नळ कोरडा पडला की जुना हातपंप पुन्हा सुरू होतो, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

पाणवठ्याच्या परिसराची पाहणी करून ग्रामपंचायतीस लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देण्यात येते. विहिरीजवळचा उकिरडा, फुटका कट्टा, गळका व्हॉल्व्ह, उघडी पावडर यांची त्यात नोंद असते. लाल कार्ड जोखमीचे. आपल्या गावचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे, हे मुलांना ग्रामपंचायतीत जाऊन विचारता येईल.

उन्हाळ्याच्या सुटीत शाळेची टाकी दीड-दोन महिने तशीच पडून असते. शाळा उघडण्यापूर्वी ती रिकामी करून घासावी, टीसीएलच्या पाण्याने धुवावी, नळ काही वेळ वाहू द्यावा, आणि क्लोरीन तपासल्यावरच मुलांचे पेले तेथे लागू द्यावेत.